कादंबरीला हे कसं कळलं?



 अलीकडे वाचलेल्या आणि काही पुन्हा वाचलेल्या मराठी कादंबऱ्यांविषयी एका वाचकाची मतं मांडावीत, एवढंच आजचं काम आहे. वाचनसंस्कृती लयाला चालली आहे अशी हाकाटी मी पिटणार नाही आणि वाचलीच पाहिजेत अशा पुस्तकांची यादीही देणार नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात व्यासपीठावरून मत मांडण्याचा एक रिवाज पडला आहे. चारचौघांत मत मांडायचं, तर ऐकणाऱ्याला ते खोडून काढता आलं पाहिजे. कादंबरीवरची आपली मतं मात्र सहसा अशी नसतात. ती खोडता येत नाहीत, त्यामुळे ती टिकवण्याचीही गरज पडत नाही. माझा आजचा मुद्दा या अडचणीतूनच निघतो.

कादंबरी वाचून आपण साधारण दोन प्रकारची मतं देतो. पहिलं मत स्वतःबद्दलचं असतं: पुस्तक खाली ठेववलं नाही, रात्रभर झोप आली नाही, डोळे पाणावले. यावर कुणी वाद घालू शकत नाही, कारण पाणी तुमच्या डोळ्यांत आलेलं असतं. दुसरं मत विषयाबद्दलचं असतं: धरणग्रस्तांचं दुःख पहिल्यांदाच आलं, स्त्रीच्या घुसमटीला वाचा फुटली, शेतकऱ्याच्या आत्महत्येकडे लक्ष वेधलं. यावरही वाद होत नाही, कारण शेतकरी मेला तरी चालेल असं कोण म्हणणार? परीक्षणं, पुरस्कारांची मानपत्रं आणि मलपृष्ठावरचा मजकूर बहुतेक वेळा या दुसऱ्या मतावरच चालतो. विषय महत्त्वाचा, म्हणून कादंबरी महत्त्वाची. माझं म्हणणं असं, की कादंबरीची किंमत विषयावर ठरत नाही. कादंबरी आपल्याला जे सांगते ते तिला कसं कळलं, या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ आहे की नाही, यावर ती ठरते. निवेदकाला किती माहीत असू द्यायचं आणि कुठे अडवायचं, हा कादंबरीकाराचा सर्वांत मोठा निर्णय असतो. नुसतं कसब म्हणून तो बाजूला सारता येणार नाही, कारण दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल बोलण्याचा अधिकार आपण कुठून आणला, याचा जबाब त्यात द्यावा लागतो.

मराठी कादंबरीच्या आरंभीच याचा चांगला पुरावा सापडतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची, विषय हिंदू विधवांची स्थिती. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत विधवांच्या कहाण्या एकामागून एक तिच्या कानावर येतात आणि प्रत्येक कहाणी सुधारणेच्या बाजूने साक्ष देऊन निघून जाते. निष्कर्ष प्रवासाआधीच ठरलेला आहे. पुढे हरि नारायण आपट्यांनी १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापली. विषय तोच, बालविवाह आणि वैधव्य. पण सांगते ती यमू. लहानपणी घरातल्या मोठ्यांच्या वागण्याचा अर्थ तिला लागत नाही, वाचकाला मात्र लागतो. आईवर काय बेततं आहे हे मुलीला उशिरा कळतं आणि आपल्याला आधीच कळलेलं असतं. हा जो अवधी आहे, त्यात वाचक अस्वस्थ होतो. पदमनजींचा कळवळा कमी होता असं कुणी म्हणणार नाही. आपट्यांनी स्वतःला ठाऊक असलेलं बरंचसं निवेदिकेपासून लपवलं, हा दोघांतला फरक आहे. म्हणून पहिलं पुस्तक मराठी कादंबरीच्या इतिहासात मानाच्या जागी राहिलं आणि दुसरं आजही वाचलं जातं. एकाच विषयाच्या दोन पुस्तकांत एवढं अंतर पडत असेल, तर त्याचं श्रेय विषयाला देता येणार नाही.

आता आपल्या काळाकडे येऊ. महाराष्ट्राला धरणग्रस्त हा विषय नवा नाही. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालचा मुळशी सत्याग्रह १९२१चा, कोयना स्वातंत्र्यानंतरची, पुनर्वसनाचा कायदा १९७६चा. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा. दोन्ही कादंबऱ्यांत धरण आहे, उठलेलं गाव आहे. दोन्ही लागोपाठ वाचल्या की विषयावरून मत बनवणाऱ्या वाचकाची पंचाईत होते. ‘झाडाझडती’ला जवळजवळ सगळं माहीत आहे. खैरमोडे गुरुजींसारखा सरळ माणूस कशाने मोडतो हे तिला माहीत आहे, तसंच कचेरीत कुठल्या टेबलावर कागद अडतो, दलाल कुठे उभा असतो, पुढारी कुणाला काय कबूल करतो आणि लाभक्षेत्रातली कसदार जमीन धरणग्रस्ताऐवजी दुसऱ्याच्याच पदरात कशी पडते, हेही. ही सर्वज्ञता माझ्या कसोटीवर नापास व्हायला हवी, असं वाटेल. ती होत नाही. विस्थापन ही आपल्याकडे कागदावर घडणारी गोष्ट आहे. १८९४च्या भूसंपादन कायद्याने कलम ४ची अधिसूचना निघायची, हरकती व्हायच्या, मोजणी व्हायची, निवाडा जाहीर व्हायचा, मग नोटिसा यायच्या. बुडीत क्षेत्रातल्या माणसाच्या हाती या साखळीतली शेवटची कडी तेवढी यायची. ही साखळी सबंध दिसते ती प्रशासनाच्या खुर्चीवरून, आणि पाटील त्या प्रशासनात काम केलेले लेखक. कादंबरीचं ज्ञान फायलीतून आलेलं आहे आणि तो वास ती लपवत नाही. गावाला जे कळत नव्हतं ते सांगणं, हेच तिचं काम असल्यामुळे तिला एवढं माहीत असणं रास्त ठरतं. जिथे ती फाइल मिटवून पात्रांच्या आक्रोशाला शब्द पुरवू लागते, तिथे मात्र पकड ढिली पडते. तिथे दुःख जितकं मोठ्याने बोलतं तितकं कमी पटतं.

‘रिंगाण’ नेमकी उलट्या टोकाला उभी आहे. गाव उठलं, माणसं नव्या जागी गेली, जनावरं मागे रानात सुटली. त्यातली एक म्हैस परत आणायला देवाप्पा जुन्या मुलखात जातो. बस्स, एवढंच. कायदा, कलम, निवाडा यांतलं काहीही निवेदनाच्या हाती नाही, कारण देवाप्पाच्या हाती ते नाही. खोतांची पन्हाळा परिसरातली बोली वाचकाच्या सोयीसाठी थांबत नाही, प्रमाणभाषेत अर्थ सांगत बसत नाही. माणसावाचून रानटी झालेलं जनावर आणि गावावाचून पोरका झालेला माणूस समोरासमोर येतात, तेव्हा म्हशीच्या मनात काय आहे हे कादंबरी सांगत नाही. सांगण्याचा मोह किती असेल, याचा विचार करा. प्राण्याला माणसाची भाषा देऊन वाचकाला रडवणं सोपं होतं. खोत तो मोह आवरतात, म्हणून देवाप्पाची अडचण आपली होते. ज्या जिवावर आपण मालकी सांगतो त्याला आपण ओळखतच नव्हतो, हे त्याला जसं उमगत जातं तसंच आपल्याला. मग या दोन्हींत श्रेष्ठ कोणती? मला ‘रिंगाण’ अधिक टिकाऊ वाटते. पण ‘झाडाझडती’ तोकडी पडते ती तिला फार माहीत आहे म्हणून नव्हे. तिच्या माहितीला फायलीच्या पानांवर जसं कारण आहे, तसं विलापाच्या पानांवर उरत नाही, म्हणून.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. निवेदकाला मर्यादा घालणं म्हणजे प्रथमपुरुषी लिहिणं किंवा अनेक निवेदक उभे करणं, असं अजिबात नाही. १९५९च्या ‘ययाति’त ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात. १९६७च्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण बोलतात. या दोन पुस्तकांवर मराठी वाचकाने केलेलं प्रेम मोठं आहे आणि त्याला नावं ठेवण्यात मला रस नाही. पण एवढे आवाज असूनही ‘मृत्युंजय’मध्ये खरा आवाज एकच ऐकू येतो. राजमाता असो की सूतपुत्राचा भाऊ, प्रत्येकाची वाक्यं त्याच अलंकारांनी सजतात आणि प्रत्येक जण स्वतःच्या मनाचा तळ तितक्याच सहजतेने ढवळून दाखवतो. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसावं, यासाठी निवेदक अनेक हवेत. सगळ्यांना सगळं दिसत असेल तर एकानेही भागतं. याच्या शेजारी सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ठेवून पाहा. २००६ सालची ही छोटी कादंबरी. घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणावर तनय आणि अनुजा या भावाबहिणींचं प्रेम बसतं, आणि तो निघून गेल्यावर दोघं आपापल्या परीने त्याच्याबद्दल सांगतात. तनय त्याला उद्देशून बोलतो. अनुजाचं सांगणं वेगळ्या सुराचं, वेगळ्या घाईचं. ज्याच्याभोवती दोघांचं आयुष्य फिरलं त्याला कादंबरी नावही देत नाही आणि बोलायला एक पानही देत नाही. भावाला माहीत असलेलं बहिणीला माहीत नाही, बहिणीचं भावाला नाही, आणि दोघांची बेरीज केली तरी तो माणूस पुरा होत नाही. प्रेमात दुसऱ्याचं जे अज्ञान वाट्याला येतं, ते इथे कुणी शब्दांत सांगत नाही, रचनाच सांगून जाते.

याच कादंबरीने विषयवादी मताची आणखी एक परीक्षा झाली आहे. ती प्रसिद्ध झाली तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७खाली तनयचं प्रेम गुन्हा होतं. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते गुन्ह्यातून वगळलं, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने प्रश्न निकालात काढला. कादंबरीचं मोल विषयाच्या धाडसात असतं, तर २०१८नंतर ती थोडी फिकी पडायला हवी होती. तसं झालं नाही. कविता महाजनांच्या ‘ब्र’बद्दलही हेच म्हणता येईल. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३पासून पंचायतींत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, आणि निवडून आलेल्या आदिवासी स्त्रियांचं पुढे काय झालं, हा ‘ब्र’चा विषय. महाराष्ट्रात २०११पासून ते आरक्षण निम्मं झालं. अहवाल असता तर केव्हाच जुना ठरला असता. ‘ब्र’ जुनी झालेली नाही, कारण तिची निवेदिका प्रफुल्ला पाहणी करायला आलेली बाहेरची बाई आहे. ती विचारते, ऐकते, चुकीचे अर्थ लावते, आणि दुसऱ्या बायकांचं ऐकता ऐकता स्वतःच्या आयुष्याकडे पाहायला शिकते. माहिती गोळा करणारीचीच तपासणी इथे सुरू होते. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली ‘बनगरवाडी’त तरुण मास्तराला माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर धाडून हेच साधलं होतं. वस्ती त्याला जेवढी आत घेते, तेवढीच ती आपल्याला कळते. ‘ब्र’ त्याच वाटेने जाते, फक्त प्रश्न विचारणारीला अधिक अडचणीत टाकते.

देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’लाही ही कसोटी लावून पाहता येते. २०२४च्या साहित्य अकादमी युवा पुरस्काराने तिच्याकडे लक्ष गेलं. तयार कपड्यांच्या लाटेत शिलाईचा धंदा बसलेला एक शिंपी तिच्या मध्यभागी आहे. जागतिकीकरणावर प्रवचन द्यायला याहून सोयीचा विषय कुठला? पण शिंप्याला जागतिकीकरण दिसत नाही, गिऱ्हाईक येत नाही एवढं दिसतं. कादंबरी शिंप्याच्या नजरेच्या टप्प्यात राहते तेवढ्या पानांवर ती अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा जास्त सांगते.

आता जिथे ही कसोटी बोचते तिथे जाऊ. भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० साली आली आणि तिच्यावर उदंड वाद झाला, पण तोही बराचसा शीर्षकावर आणि लेखकाच्या भूमिकेवर. मोहेंजोदडोच्या उत्खननावरचा संशोधक खंडेराव वडील आजारी असल्याच्या बातमीने मोरगावला परततो आणि आठवणींचे थर उलगडत जातात. पुरातत्त्वाचा माणूस निवेदनाच्या मध्यभागी असल्यामुळे एवढ्या पसाऱ्याला कारण मिळतं: थरांखाली थर पाहणं हेच त्याचं काम. मोरगावच्या घरातल्या बायकांचं आयुष्य जिथे लहानपणी ऐकलेल्या कुजबुजीतून, अर्धवट वाक्यांतून वर येतं, तिथे या कादंबरीच्या तोडीचं लेखन मराठीत थोडंच आहे. उलट खंडेराव जात, शेती आणि संस्कृती यांवर सिद्धान्त मांडू लागतो, तिथे त्याला हे कसं कळलं याचं उत्तर मिळत नाही. तो अकस्मात अनुभव न घेता शहाणा होतो. ती पानं एखाद्या तडफदार निबंधात शोभतील. कादंबरीत त्यांच्यासमोर कुणी उभंच राहत नाही, म्हणून ती बिनविरोध जिंकतात. रंगनाथ पठारे यांच्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’चा पट तर सुमारे सात शतकांचा. आजचा निवेदक घराण्याचा माग काढत मागे जातो, म्हणजे कादंबरी मुळातच शोधाच्या भूमिकेवर उभी आहे. आपल्या नेहमीच्या ऐतिहासिक कादंबरीत पेशव्याच्या शयनगृहातलं बोलणंही लेखकाला पाठ असतं. त्या तुलनेत, पूर्वजांबद्दल ठामपणे फार थोडं म्हणता येतं हे मान्य करून लिहिणं मला अधिक प्रामाणिक वाटतं.

यावर घेता येतील असे तीन आक्षेप मला दिसतात. पहिला आक्षेप असा, की हे सगळं जाणकारांचं झालं. सामान्य वाचक गोष्टीसाठी वाचतो, निवेदकाने काय लपवलं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मला हे वाचकाला कमी लेखणं वाटतं. गावातली एखादी बातमी ऐकताना आपण आधी विचारतो, ‘तुला कुणी सांगितलं?’ सांगणारा तिथे होता का, त्याचा काही हितसंबंध आहे का, हे तपासल्याशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही. रोजच्या जगण्यात एवढा सावध असलेला माणूस कादंबरी हातात घेतल्यावर ही अक्कल गहाण का टाकेल? त्याला परिभाषा येत नसेल, पण एखादं पान खोटं लागलं हे त्याला बरोबर कळतं. त्याच्या नाराजीचं कारण त्याच्या हाती द्यावं, एवढंच ही कसोटी करते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसं जमिनीवरून उठवली जात असताना आणि जातीच्या नावाने मारली जात असताना तुम्ही निवेदनाची चर्चा करता, हा जुना कलावादच नव्या वेषात आला, असं कुणी म्हणेल. फडके-खांडेकरांच्या काळापासून कला की जीवन हा वाद आपण इतका उगाळला आहे, की तो इथेही आठवणं साहजिक आहे. पण मी मांडतो आहे तो प्रश्न सौंदर्याचा कमी आणि अधिकाराचा जास्त आहे. पीडिताच्या वतीने बोलणारे महाराष्ट्रात कधीच कमी नव्हते. त्यांना हे बोलण्याचा हक्क कुणी दिला, हा सवाल दलित साहित्याने केला. ज्याने भोगलं त्यानेच सांगावं, हे त्या सवालाचं एक उत्तर. पण नुसत्या भोगण्यानेही पुस्तक होत नाही, हे त्याच साहित्याच्या आरंभीच्या पुस्तकांपैकी एकाने दाखवून दिलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं. ते आत्मकथन आहे, कादंबरी नाही, तरी इथे लागू पडतं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसवल्यामुळे सांगणाऱ्याची लाज आणि ऐकणाऱ्याची पांढरपेशी अवघड अवस्था, दोन्ही उघड्या पडतात. स्वतःच्याच आयुष्याबद्दल बोलतानाही ‘मला सगळं माहीत आहे’ असं म्हणायला पवार धजत नाहीत. ज्याने भोगलं त्याला एवढी सावधगिरी लागत असेल, तर दुरून पाहणाऱ्या लेखकाला किती लागावी? ज्वलंत विषयामुळे ही जबाबदारी उलट वाढते.

तिसरा आक्षेप असा, की टॉलस्टॉयसारख्या लेखकांनी सर्वज्ञ निवेदकाच्या बळावरच थोर कादंबऱ्या लिहिल्या. मग सर्वज्ञतेला गुन्हेगार का ठरवता? ठरवत नाही. ‘झाडाझडती’च्या निमित्ताने मी सर्वज्ञतेचीच बाजू घेतली. टॉलस्टॉय अनेकांच्या मनात शिरतो, पण एका मनातून दुसऱ्या मनात जाताना पहिल्याचा समज कुठे चुकला हे दाखवतो. त्याचं जाणणं पात्रांच्या एकमेकांना न जाणण्यावर उभं असतं. कादंबरीला कमी माहीत असावं असा माझा नियम नाही. जितकं माहीत आहे तितक्याचा हिशेब तिने द्यावा, एवढीच मागणी आहे. कुणी फायलीतून देईल, कुणी उत्खननातून, कुणी बाहेरच्या बाईच्या चुकांतून.

या कसोटीची मर्यादाही सांगायला हवी. ती प्रत्येक कादंबरीला सारखी लागणार नाही. विनोदी कादंबरी, अद्भुताची कादंबरी, निव्वळ भाषेच्या मस्तीवर चाललेली कादंबरी, यांना वेगळे प्रश्न विचारावे लागतील. पण आजची मराठी कादंबरी बहुतांशी दुसऱ्यांच्या दुःखाची साक्ष द्यायला उभी राहते, आणि साक्षीदाराला उलटतपासणी चुकत नाही. ती वाचकाने घ्यायची आहे. पुरस्कार समित्या ती घेतीलच असं नाही, प्रकाशक तर घेणारच नाहीत.

महाराष्ट्रात १९६७पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. गावोगावच्या ग्रंथालयांत कादंबऱ्यांचं कपाट सर्वांत जास्त हाताळलं जातं, पण त्या कपाटासमोर चर्चा मात्र ‘चांगली आहे’ आणि ‘बरी आहे’ या दोन शेऱ्यांवर संपते. माझी सूचना साधी आहे. पुढची कादंबरी परत करताना एक पान निवडावं, जिथे लेखकाला हे कळलं कसं असा संशय आला, किंवा जिथे त्याने हेतुपुरस्सर हात आखडता घेतला असं जाणवलं. ते पान दुसऱ्या वाचकाला दाखवावं आणि त्याला विरोध करू द्यावा. ‘रिंगाण’बद्दलचं माझं मत चुकीचं आहे, देवाप्पाच्या मनातलं खोतांनी अजून सांगायला हवं होतं, असं पानावर बोट ठेवून कुणी सिद्ध केलं, तर मला ते मान्य करावं लागेल. विषय महत्त्वाचा आहे असं म्हणून थांबणाऱ्या वाचकावर ही पाळी कधीच येत नाही, आणि म्हणून त्याच्या मताचा कादंबरीकाराला काही उपयोगही होत नाही.